आयरिश शिखरांची नावं उलगडताना

आयर्लंडच्या शिखरांच्या नावांवरचा एक लेख वाचला. त्यात नावांचे अर्थ इंग्रजी स्पेलिंगचे तुकडे पाडून लावले आहेत. ही पद्धत हमखास फसवते. १८२४ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश सर्वेक्षणाच्या नकाशांवर नावं साधारण कानाला ऐकू आली तशी इंग्रजी वळणाने छापली गेली. जॉन ओ'डोनोव्हन यांच्यासारखे जाणकार गावोगावी फिरून मूळ रूपं टिपत होते, हे आपलं भाग्यच!

आधी मूळ आयरिश रूप शोधा, ते सरकारी स्थलनामकोशात मिळतं. मग पहिला शब्द वेगळा करा: 'स्लीव्ह' म्हणजे डोंगर, 'नॉक' म्हणजे टेकडी, 'क्रोख' म्हणजे रास. 'नॉक'चंच उत्तरेकडे 'क्रॉक' होतं, तो वेगळा शब्द समजू नका.

खरी अडचण पुढच्या शब्दात आहे. आयरिशमध्ये शब्दाचा पहिला वर्णच बदलतो. टिपेररी परगण्यातलं ७२१ मीटरचं स्लीव्हनामॉन घ्या. मूळ शब्द 'बान', म्हणजे स्त्रियांचा. षष्ठीच्या अनेकवचनात 'ना' या उपपदानंतर 'ब'चा उच्चार 'म' होतो. म्हणून अर्थ 'स्त्रियांचा डोंगर'. नुसतं 'मॉन' शब्दकोशात शोधून काही हाती लागणार नाही.

आणि जमीन जरूर बघा. विकलो परगण्यातलं लगनाक्विला हे शिखर ९२५ मीटर उंच, पण नावाचा अर्थ 'रानातला खोलगा'. खालच्या खोलग्याचं नाव वर शिखराला चिकटलेलं दिसतं. कॅरनटूहिल या शिखराच्या नावातल्या 'कोरान'चा अर्थ मात्र विळा की दातेरी कडा, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. त्या लेखात तो ठामपणे द्यायला नको होता.