हेल्मेट नव्हतं, म्हणून धडक बसली का?

अपघात झाला की ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न येतो आणि दुसऱ्या मिनिटाला उत्तरही तयार असतं. हेल्मेट नव्हतं ना? मग भोगा. ट्रिपल सीट होते? मग भरपाई कसली मागता!

मला हा हिशेबच मान्य नाही. नियम मोडला, तर दंड आहेच, तो भरा. पण भरपाईच्या दाव्यात विचारायचं ते वेगळंच: धडक कशामुळे बसली आणि इजा कशामुळे वाढली?

२०२० मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे नेमकं असंच प्रकरण होतं. मोटरसायकलवर तिघे, मागून कारची धडक, एकाचा मृत्यू. उच्च न्यायालयाने ट्रिपल सीटपायी १० टक्के भरपाई कापली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. तिघे बसणं बेकायदा आहेच, पण त्यामुळे धडक बसली किंवा मार वाढला हे आधी सिद्ध व्हायला हवं. बरोबरच आहे. मागून ठोकणाऱ्याला पुढच्या गाडीवर दोघे होते की तिघे, याने काय फरक पडतो?

म्हणजे जखमी माणूस नेहमीच धुतल्या तांदळासारखा, असंही नाही. इंग्लंडमध्ये न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी १९७५ मध्ये सीट बेल्टचं गणित घालून दिलं. बेल्ट लावल्याने इजा पूर्ण टळली असती, तर २५ टक्के कपात. कमी झाली असती, तर १५. काहीच फरक पडला नसता, तर शून्य. इतकं स्वच्छ!

त्याआधीचा कायदा क्रूर होता. १८०९ चा खटला आहे. घराच्या दुरुस्तीसाठी एकाने रस्त्यात वासा आडवा टाकला, संध्याकाळी एक घोडेस्वार भरधाव येऊन त्यावर आदळला. जपून आला असता तर वासा दिसला असता, या कारणावरून त्याला छदाम मिळाला नाही. इंग्लंडने हे १९४५ मध्ये बदललं आणि दोष वाटून द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत मात्र अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलिना आणि व्हर्जिनिया जुन्यालाच चिकटून आहेत, तिथे स्वतःचा थोडासा दोषही अख्खा दावा बुडवू शकतो. याउलट फ्रान्सने १९८५ मध्ये ठरवलं, की पादचारी, सायकलस्वार आणि प्रवासी यांच्या शारीरिक इजेच्या भरपाईत त्यांची साधी चूक धरायचीच नाही. मी फ्रान्सच्या बाजूचा. गाडीवाल्याकडे विमा असतो, चालणाऱ्याकडे नुसती हाडं.

आता दोषाचे टक्के ठरतात कसे? टायरच्या खुणा कुठून सुरू झाल्या, काचा कोणत्या बाजूला सांडल्या, चेपलंय ते मागचा बंपर की दार, यावरून. गाड्या बाजूला घेतल्यावर काढलेल्या नकाशातून फारसं कळत नाही. म्हणून जखमीला आधी हलवा (हे सांगायला नकोच), पण गाड्या हलवण्याआधी लांबून दोन फोटो काढा. आणि रस्त्यावर घाबरून ‘माझंच चुकलं’ म्हणू नका, ते वाक्य पुढे जबाबात येतं. ‘फिफ्टी-फिफ्टी करून टाकू’ असं विमा कंपनीकडून आलं, तर हे ५० कशावरून काढले ते लेखी मागा.

दोन गाड्यांच्या भांडणात सापडलेल्या प्रवाशाने तर असल्या वाटणीत पडूच नये. दोघांचीही चूक असेल, तर आपल्याकडे तो कोणा एकाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केलंय. कोणी कोणाला किती द्यायचे, ते त्या दोघांनी बघावं.