टिम टीबोला प्रार्थनेमुळे काढलं नाही

एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, प्लेऑफ (बाद फेरीचे सामने) जवळ आले की टिम टीबोवरचा तो मजकूर हमखास फिरू लागतो. सार असं: कॉलेज फुटबॉलचा हा बादशहा एनएफएलमध्येही सामने जिंकून देत होता, पण मैदानात गुडघा टेकून प्रार्थना करायचा म्हणून त्याला घालवलं आणि पुढे कोणी संधीच दिली नाही. मला टीबो मनापासून आवडतो. म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटतं.

कॉलेजचं सगळं खरं आहे. फ्लोरिडा विद्यापीठाकडून 2007 मध्ये त्याने पासवर 32 आणि स्वतः धावून 23 टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) केले. दुसऱ्या वर्षाला असताना हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मिळवणारा तो पहिलाच खेळाडू. त्यात वाद नाही.

आता 'जिंकून देत होता' हे बघू. 2011 मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोज पाचपैकी चार सामने हरले होते. मग क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) म्हणून टीबो आला आणि साखळीतल्या 11 पैकी 7 सामने संघाने जिंकले. पण जिंकले कसे? 13 नोव्हेंबरला कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने अख्ख्या सामन्यात 8 पास टाकले, त्यातले 2 पोचले. तरी 17-10 असा विजय, कारण डेन्व्हर पास टाकण्याऐवजी चेंडू घेऊन पळत राहिलं आणि बचावफळीने समोरच्यांना रोखून धरलं. शिकागोचा सामना तर मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. शेवटची दोनेक मिनिटं उरली होती, डेन्व्हर 0-10 ने मागे. टीबोने टचडाउनचा पास दिला, हे श्रेय त्याचंच. पण त्यानंतर चेंडू शिकागोकडे असताना त्यांचा मॅरियन बार्बर सीमारेषेबाहेर गेला आणि घड्याळ थांबलं. तो आत राहिला असता तर खेळ तिथेच संपत आला होता. मग डेन्व्हरच्या मॅट प्रेटरने 59 यार्डांवरून किक मारून बरोबरी साधली. जादा वेळेत बार्बरच्या हातून चेंडू निसटला, आणि प्रेटरनेच 51 यार्डांवरून सामना संपवला. दुसऱ्या दिवशी नाव मात्र टीबोचं.

साखळीतले शेवटचे तिन्ही सामने डेन्व्हर हरलं. कॅन्सस सिटीविरुद्धच्या अखेरच्या सामन्यात टीबोचे 22 पैकी 6 पास पोचले, संघाचे गुण 3. गटात तीन संघ 8 विजय, 8 पराभवांवर अडकले म्हणून प्लेऑफचं दार उघडलं.

प्रार्थनेचा मुद्दा टिकतच नाही. क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरही भर मैदानात येशूचे आभार मानायचा. तो सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) जिंकला आणि हॉल ऑफ फेममध्येही गेला. टीबोची अडचण त्याच्या डाव्या हातात होती. पास टाकण्याआधी त्याचा हात चेंडूसकट खाली जायचा, मग वर यायचा. कॉलेजमध्ये रिसीव्हर (पास झेलणारे) मोकळे सापडतात, तेवढा वेळ चालून जातो. एनएफएलमध्ये तेवढ्यात बचावपटू मधे येतो. 2011 मध्ये त्याचे 46.5 टक्के पास पोचले, तेव्हा लीगची सरासरी 60 च्या आसपास होती. त्यातच मार्च 2012 मध्ये पेटन मॅनिंगसारखा नामवंत क्वार्टरबॅक आपल्या संघातून मोकळा झाला. त्याला कोण नाही म्हणेल?

'संधीच दिली नाही' हेही चूक. डेन्व्हरने 2010 च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिल्या फेरीत, 25 व्या क्रमांकावर त्याला घेतलं. मग जेट्स या संघाने त्याला डेन्व्हरकडून घेताना ड्राफ्टमधल्या आपल्या दोन निवडी मोजल्या. मग पेट्रियट्स, ईगल्स आणि 2021 मध्ये टाइट एंड (क्वार्टरबॅकपेक्षा वेगळी, पास झेलण्याची आणि वाट अडवण्याची जागा) म्हणून जॅग्वार्सनीही त्याला सरावाला बोलावलं. तक्रार करायचीच तर जेट्सची करा. 2012 च्या संपूर्ण हंगामात त्याला फक्त 8 पास टाकायला मिळाले, आणि त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक मार्क सँचेझला बसवलं तेव्हाही त्याला डावलून ग्रेग मॅकेलरॉयला उतरवलं. ते मलाही लागलं होतं.

या मजकुरासोबत पिट्सबर्गविरुद्धच्या 80 यार्डांच्या त्या टचडाउनचा उल्लेख असतोच. 8 जानेवारी 2012, जादा वेळेतला पहिलाच डाव. टीबोचा पास सुरेखच होता. पण तो झेलून, पिट्सबर्गच्या आइक टेलरला हाताने दूर ढकलून, अर्ध्याहून जास्त अंतर एकटा धावला तो डिमेरियस थॉमस. त्याच ड्राफ्टमध्ये डेन्व्हरने टीबोच्या तीन क्रमांक आधी घेतलेला. डिसेंबर 2021 मध्ये, वयाच्या 33 व्या वर्षी तो गेला. मजकुरात त्याचं नाव कुठेच नसतं.