‘आकड्यांचा माज’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीच्या रॉकेट थ्री मोटारसायकलवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘पोरा, 2294 सीसी म्हणजे नुसता आकड्यांचा माज. नेटवरचं उचलून लिहिण्याआधी एखादी गाडी चालव. वजनही चुकवलंयस. आणि गोव्यात असलं धूड घेऊन करायचं काय?’

आधी वजन. 320 किलो हे कोरडं वजन, पेट्रोल-ऑइल धरून नाही. ते मी लिहायला हवं होतं. मान्य, दुरुस्ती केली आहे.

पण ‘पोरा’? मी 41 वर्षांचा आहे. माझे वडील म्हापशाला 27 वर्षं पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले होते. पिवळ्या मडगार्डची त्यांची बुलेट रविवारी अंगणात उघडली जायची आणि मी रॉकेलच्या डब्यात नट-बोल्ट धूत बसायचो. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून टॅपेटचा (इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या भागाचा) आवाज ओळखायला त्यांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं. ‘गाडी चालव’ हे मला कुणी सांगू नये.

आता तो माज. 1998 साली काम सुरू झालं तेव्हा ट्रायम्फला लांब पल्ल्याची गाडी हवी होती. समोर होंडाची गोल्ड विंग आणि हार्लेच्या टूरिंग गाड्या होत्या, आणि इंजिन ठरलं होतं 1600 सीसीचं. मग होंडाची व्हीटीएक्स 1800 आली, यामाहाची 1670 सीसीची वॉरियर आली, आणि 1600 चा आकडा तोकडा पडला. तुम्ही म्हणाल, हाच तर माज. अहो, वाढलेल्या सीसीने दिलं काय ते बघा : 200 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारी ओढ, तीही इंजिन मिनिटाला अवघे 2500 फेरे घेत असताना. मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना बॅगा घेऊन ज्याने चोर्ला घाट चढलाय, त्याला याची किंमत सांगावी लागत नाही.

शिवाय तिन्ही सिलिंडर गाडीच्या लांबीत एकामागे एक, म्हणजे क्रँक, पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, तोही लांबीतच. अशा इंजिनाला जागेवर रेस दिली की गाडी एका अंगाला झुकते. इथे गिअरबॉक्सचे शाफ्ट क्रँकच्या उलट फिरवून तो झोक मारलाय. वागातोरला एका मालकाने रेस दिली तेव्हा मी टाकीवर तळहात ठेवून उभा होतो. थरथर कोपरापर्यंत आली, पण गाडी कलली नाही. हे नेटवरून उचललेलं नाही.

गोव्यात करायचं काय, हा लेखाचा विषयच नव्हता.

आणि 2008 च्या टूरिंग मॉडेलला मागच्या टायरची रुंदी 240 मिलिमीटरवरून 180 वर आणली. नुसता माजच करायचा असता तर रुंद टायर कुणी काढला असता? हे लेखाच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे. तिथवर तुम्ही पोचलाच नाहीत, असं दिसतं. तो वाचा आणि पुन्हा लिहा. ‘तुम्ही’ म्हणून लिहिलंत तर उत्तर नक्की देईन.