पाच काडतुसं पुरेत, भरायचा सराव कशाला?

आमच्या टेक्सासमधल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. भारतीय घरांत सोनं असतं हे चोरांना ठाऊक असतं, म्हणून घरात एक शॉटगन, म्हणजे छर्रे उडवणारी लांब बंदूक ठेवा, अशी त्याची सुरुवात. पुढचे दावे असे: पंप, म्हणजे नळीखालची मागे-पुढे सरकणारी मूठ, ओढल्याचा नुसता आवाज ऐकून चोर पळतो. शॉटगनला नेम धरावा लागत नाही. आत पाच काडतुसं असतात, ती भरपूर झाली. आणि बंदुकीला जादा काडतुसं लावून ती भरायचा सराव करणं म्हणजे सिनेमातलं खूळ.

बंदूक घ्यावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. आमच्याकडे आहे. नवरा महिन्यातले आठ-दहा दिवस कामासाठी बाहेरगावी असतो आणि मुलगा सहा वर्षांचा आहे. पण या मेसेजवर विसंबून कोणी बंदूक आणली, तर त्या घरातला धोका वाढेल, असं मला मनापासून वाटतं. म्हणून एकेका दाव्याला उत्तर देतेय.

आधी आवाजाचं. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस जिथून उडतं त्या जागेत, काडतूस असताना पंप ओढलात तर ते न उडताच बाहेर पडतं, म्हणजे पाचातलं एक गेलं. चेंबर रिकामं असेल, तर मग इतका वेळ तुम्ही न उडणारी बंदूक धरून उभ्या होतात. पळणारा पळेल. जो पळणार नाही, त्याला तुम्ही कुठल्या खोलीत आहात ते कळेल. याच जातीचा एक सल्ला फेब्रुवारी 2013 मध्ये तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी फेसबुकवरच्या प्रश्नोत्तरांत दिला होता. काही झालं तर गच्चीत जाऊन दुनळी बंदुकीचे दोन बार काढ, असं आपण बायकोला सांगून ठेवलंय, असं ते म्हणाले. दुनळीत दोनच काडतुसं मावतात. ती हवेत उडवली की हातात उरते ती काठी. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूव्हरमध्ये एकाने हवेत बार काढला आणि बायडन यांचा दाखला दिला. अटक त्यालाच झाली.

नेमाचं म्हणणं तर साफ चूक. घरातल्या अंतरावर, म्हणजे चार-पाच मीटरवर, छर्रे जेमतेम तळहाताएवढ्या जागेत जाऊन बसतात. डबल-ऑट बकशॉट या जाड छर्ऱ्यांच्या एका काडतुसात साधारण आठ-नऊ छर्रे असतात, एकेक जवळपास साडेआठ मिलिमीटर जाडीचा. इथल्या घरांच्या आतल्या भिंती जिप्समच्या पातळ फळ्यांच्या, त्यातून ते आरपार जातात. भिंतीपलीकडे आपलंच मूल झोपलेलं असतं.

आता भरायच्या सरावाचं, कारण माझा खरा राग इथे आहे. लहान मूल असलेल्या घरात बंदूक भरून उशाशी ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. बेफिकिरीने ठेवलेली भरलेली बंदूक मुलाच्या हाती लागली, तर टेक्सासच्या कायद्यात मोठ्यांवर गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणून आमच्यासारख्या कित्येक घरांत ती तिजोरीत असते, रिकामी. याचा अर्थ असा की त्या रात्री पहिलं काम चाप ओढायचं नसतंच. दार लावायचं, मुलाला जवळ घ्यायचं, 911 ला फोन लावायचा आणि अंधारात, कापऱ्या हातांनी बंदूक भरायची. मेसेज ज्याला सिनेमा म्हणतो, ते आमच्यासारख्या आईबापांचं पहिलं काम आहे.

पहिल्यांदा मी ते करून पाहिलं ते प्लास्टिकच्या नारिंगी डमी, म्हणजे न उडणाऱ्या काडतुसांनी, बेडरूमच्या गालिच्यावर बसून. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवली होती आणि चेंबर डोळ्यांनी पाहून शिवाय बोट घालून तपासलं होतं. दिवे चालू, मुलगा शाळेत, घाई कसलीच नाही. तरी पाचातली दोन हातातून सुटली. एक घरंगळत पलंगाखाली गेलं, आणि एक मी उलटं घालायला निघाले होते. आमच्या रेमिंग्टन 870 या पंपाच्या शॉटगनमध्ये काडतूस वर उचलणारी एक पट्टी असते. अंगठ्याने काडतूस पुरतं आत ढकललं नाही, तर ते मागे सरकतं, आणि अंगठा बेसावध असला तर त्या पट्टीत सापडतो. माझ्या नखाखाली आठवडाभर काळं होतं. हे सगळं मला दुपारी दोन वाजता कळलं, याबद्दल मी देवाचे आभार मानते.

तेव्हापासून मुलगा झोपला की आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं देते. बंदुकीच्या डाव्या अंगाला साइड सॅडल, म्हणजे काडतुसं अडकवायचा पट्टा बसवलाय, त्यात सहा काडतुसं राहतात. तिजोरी उघडली की बंदूक आणि काडतुसं एकत्रच हातात येतात, खण धुंडाळावा लागत नाही. ती सगळी एकाच दिशेने लावलेली असतात, म्हणजे बोटांना न बघता कळतं. पहिलं थेट उजव्या अंगाच्या खिडकीतून चेंबरमध्ये टाकायचं आणि पंप पुढे सारायचा, मग उरलेली खालून भरायची. पंप अर्धवट ओढला तर पुढचं काडतूस चेंबरमध्ये येतच नाही आणि चाप ओढल्यावर नुसता टक्क आवाज येतो, हेही डमीनेच शिकवलं.

आणि हे खूळ अमेरिकेतलं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना माझे मामा आठवून सांगते. आजोळी सावंतवाडीकडे त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी होती. भातात रानडुकरं शिरायची. मामा माचावर बसायचे तेव्हा दुसरं काडतूस डाव्या हाताच्या दोन बोटांत धरलेलं असायचं, आणि कमरेला पट्टा. एक बार काढला की बंदूक रिकामी, हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नव्हतं.

राहिलं पाच पुरण्याचं. एवढं मान्य करते की घरात एकही बार काढायची वेळ बहुतेकांवर आयुष्यात येत नाही, सहावा तर फारच लांबचा. पण पुरतीलच असं छातीठोक सांगता येत नाही. 11 एप्रिल 1986 रोजी मायामीत एफबीआयच्या आठ जणांची दोन दरोडेखोरांशी गाठ पडली. एजंट एडमुंडो मिरेलेस यांचा डावा हात गोळीने निकामी झाला होता. त्यांनी एका हाताने पंप ओढत 870 चे पाच बार काढले. दरोडेखोर तरीही गाडीत बसून निसटायच्या बेतात होते. शेवट मिरेलेस यांनी कमरेच्या रिव्हॉल्व्हरने केला. ती घरफोडी नव्हती, मान्य. पण तो माणूस कसलेला होता आणि त्याच्याकडे दुसरं शस्त्र होतं. आपल्यापैकी बहुतेकांकडे ते नसतं.

शिवाय पाच आहेत, हे तरी मोजलंय का? बदकांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावली पाहिजेत, असा इथला केंद्रीय नियम आहे. म्हणून शिकारीच्या बऱ्याच बंदुकांच्या मॅगझिन ट्यूबमध्ये, म्हणजे काडतुसं साठवायच्या नळीत, एक दांडी घातलेली येते. हा मेसेज मला पाठवणाऱ्या मैत्रिणीला मी फोन केला आणि डमी घेऊन तिच्या घरी गेले. तिच्या बंदुकीच्या ट्यूबमध्ये एक गेलं, दुसरं गेलं, तिसरं शिरेना. टोपण उघडून आम्ही आतली लाकडी दांडी बाहेर काढली. मैत्रीण ती हातात घेऊन बराच वेळ बसून होती. म्हणाली, "अगं, तीन वर्षं आम्ही पाच आहेत असं समजून झोपतोय."