‘निरीक्षणगृहात शाळा कशाला?’ : एकेका मुद्द्याला उत्तर

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध होता. त्यावर लोक चिडले ते रास्तच होतं. पण त्या चिडीच्या आधाराने एक दावा व्हॉट्सॲपवर पसरला, तो अजून फिरतो आहे. थोडक्यात तो असा: निरीक्षणगृह (गुन्ह्याच्या आरोपाची चौकशी चालू असताना अल्पवयीन मुलांना जिथे ठेवतात ते) म्हणजे सरकारी खर्चाने पाहुणचार, काहीही केलं तरी तीन वर्षांत सुटका, या पोरांना शिकायचंच नसतं, तेव्हा त्यांच्यासाठी शिक्षक आणि समाजकार्यकर्ते नेमणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि सुटून आल्यावर शाळेने त्यांना दारात उभं करू नये.

‘काहीही केलं तरी तीन वर्षांत सुटका.’

हे अर्धवट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १८ खाली दोषी ठरलेल्या मुलाला विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतं, हे खरं. पण ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षं शिक्षा सांगितली आहे तो कायद्याने ‘निर्घृण’ गुन्हा ठरतो. असा आरोप असलेलं मूल १६ पूर्ण असेल तर बाल न्याय मंडळ (अशा मुलांची प्रकरणं चालवणारं मंडळ) प्राथमिक मूल्यमापन करून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. तिथे प्रौढांसारखा खटला चालू शकतो, दोषी ठरला तर २१ वर्षांपर्यंत मुलाला सुरक्षित ठिकाणी ठेवलं जातं आणि मुदत उरली असेल व सुधारणा दिसत नसेल तर पुढे तुरुंग. फाशी आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप, एवढ्या दोनच शिक्षा कायद्याने वगळल्या आहेत. आणि तो निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती.

‘सरकारी पाहुणचार.’

निरीक्षणगृहात ठेवतात ते चौकशी चालू असलेल्या मुलांना. म्हणजे ज्यांना दावा ‘गुन्हेगार’ म्हणतो, त्यांच्यापैकी बहुतेकांवर अजून काहीही सिद्ध झालेलं नसतं. खर्चाचं म्हणाल तर केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत संस्थेतल्या एका मुलामागे महिन्याला ३,००० रुपये धरले आहेत. दिवसाला १०० रुपये.

यातला खरा प्रश्न वेगळाच आहे. चौकशी चार महिन्यांत पुरी व्हावी, फार तर आणखी दोन महिने, असं कलम १४ सांगतं. वेळापत्रक पाळलं गेलं तरी तेवढ्यात शाळेचं अर्धं वर्ष निघून जातं. जुलैत आत आलेला नववीतला मुलगा नाताळात बाहेर पडतो तेव्हा त्याची पहिली सत्र परीक्षा बुडालेली असते आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे नुसते गैरहजेरीचे शेरे असतात. तो तिथूनच शाळेबाहेर पडतो, आणि कुठल्याही मंडळाने तसा आदेश दिलेला नसतो.

‘यांना शिकायचंच नसतं.’

आठवीतल्या मुलापुढे आठवीचं पुस्तक ठेवायचं, त्याने मान खाली घातली की ‘आवड नाही’ असा शेरा मारायचा, ही सर्रास होणारी चूक आहे. आधी त्याला काय येतं ते पाहावं लागतं. अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट अशा चार पायऱ्यांनी वाचन आणि हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार, एवढं गणित. पंधरा मिनिटांत चित्र स्पष्ट होतं. दाखल्यावर आठवी असलेला मुलगा परिच्छेदावर अडखळतो, तेव्हा त्याची ‘नावड’ किती वर्षं जुनी आहे ते कळतं.

ही तपासणी पहिल्या दिवशी करायची नाही. मुलगा नीट झोपलेला नसतो, घरचं कुणी भेटलेलं नसतं, आणि व्हाइटनर किंवा सोल्यूशन हुंगायची सवय असेल तर हात थरथरत असतात, चिडचिड होत असते. चार-पाच दिवस जाऊ द्यावेत, वैद्यकीय तपासणीत डोळेही तपासून घ्यावेत. फळ्यावरचं दिसत नाही हे मुलं स्वतःहून सांगत नाहीत. आणि भाषा विचारावी. मुंबईतल्या उर्दू माध्यमाच्या मुलाला मराठी उतारा दिला तर तो निरक्षरच वाटणार. वाचन त्याच्या शाळेच्या भाषेत तपासायचं, घरची भाषा वेगळी असेल तर बोलणं तिच्यात.

पुढची अडचण शिकवण्याच्या आखणीत असते. इथे कोण किती दिवस राहील ते ठाऊक नसतं. जामीन उद्या होईल किंवा तीन महिन्यांनी, मधल्या सुनावणीच्या तारखांचे दिवस बुडतात, आणि वय व आरोपाचं स्वरूप पाहून मुलांचे गट वेगळे ठेवावे लागतात. अशा ठिकाणी सत्राचा अभ्यासक्रम लावला की सोमवारी आलेल्या मुलाला धडा सहावा मिळतो आणि त्याला मागचं काहीच ठाऊक नसतं. म्हणून पाठ पाच-सहा दिवसांत पुरे होणारे असावेत: अपूर्णांक, बँकेची स्लिप आणि अर्ज भरणं, नकाशा वाचन, एक छोटी गोष्ट वाचून तिच्यावर लिहिणं. प्रत्येकाची फाइल वेगळी, आणि सुटताना ती त्याच्या हातात. कंपासपेटीतलं टोकदार साहित्य सुरक्षेसाठी काढून घेतात, तेव्हा भूमितीऐवजी बीजगणित पुढे घ्यावं. वर्गाचीच खोली पालकांच्या भेटीसाठी वापरायची हा मात्र हमखास घोळ. भेटीच्या दिवशी शाळा बंद पडते.

‘शिक्षक पुरे, समाजकार्यकर्ता कशाला?’

शिक्षक खोलीत शिकवतो. खोलीबाहेरच्या शाळेचा धागा तुटू न देणं हे दुसरं काम आहे, आणि ते कागदांत अडकलेलं असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक दाखल्याची. मुलगा आत आला की घाबरलेले पालक शाळेत जाऊन शाळा सोडल्याचा दाखला घेऊन येतात, कधी संस्थाच तो मागवते. दाखला निघाला की नाव कमी होतं. मग परत जाणं म्हणजे नवा प्रवेश, आणि तो नाकारणं शाळेला सोपं. मागायचं ते बोनाफाईड आणि जनरल रजिस्टरचा उतारा. दोन्हींत जन्मतारीख असते, आणि वय ठरवताना कलम ९४ प्रमाणे शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा मॅट्रिकच्या प्रमाणपत्राला पहिलं स्थान आहे. त्यानंतर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि ते काहीच नसेल तर वैद्यकीय चाचणी. आधार आणि शाळेचं रजिस्टर यांत नाव किंवा तारीख जुळत नसेल तर ते मंडळापुढे तेव्हाच मांडावं. ही तफावत परीक्षेच्या अर्जाच्या वेळी उघडी पडली तर दुरुस्तीला वेळच उरत नाही.

पत्र कसं पाठवायचं तेही महत्त्वाचं. निरीक्षणगृहाचं नाव छापलेला लिफाफा शाळेच्या कार्यालयात पडला की मधल्या सुट्टीपर्यंत बातमी सगळ्यांना कळलेली असते. पत्र बंद लिफाफ्यात, मुख्याध्यापकांच्या नावे, समक्ष द्यावं. आत फक्त हव्या असलेल्या कागदांची यादी. कलम नाही, पोलीस ठाणं नाही, ‘आरोपी’ हा शब्द नाही. मुलाच्या परिस्थितीबद्दल मंडळापुढे जाणाऱ्या सामाजिक चौकशी अहवालात मात्र शाळेची बाजू भरून यायला हवी: शेवटचा हजर दिवस, गैरहजेरी कधी वाढली, कोणत्या शिक्षकाला मुलाबद्दल आस्था आहे. ‘अभ्यासात कच्चा, संगत वाईट’ एवढ्या ओळीवर मंडळाला काही ठरवता येत नाही.

दहावीचा मुलगा असेल तर पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी पाहाव्या लागतात: परीक्षेचा अर्ज भरला आहे का, प्रात्यक्षिकं आणि अंतर्गत गुण कुठे अडलेत, परीक्षेला जाऊ देण्यासाठी बाल न्याय मंडळाकडे अर्ज केला का. सोबतचा पोलीस साध्या कपड्यांत हवा आणि बेडी नाही, हे अर्जातच लिहावं. परीक्षेचा अर्जच राहिला असेल तर खासगीरीत्या बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे, पण त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते. मग राष्ट्रीय मुक्त विद्यालय (एनआयओएस) उरतं: एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी, आणि एकेक विषय पास होत गेला तरी चालतो. जो सहा महिन्यांत तीन पत्ते बदलणार आहे त्याला ही सोय खरोखर उपयोगी पडते.

‘सुटल्यावर शाळेने घेऊ नये.’

चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला आठवी होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ तसं सांगतं. दाखला आला नाही म्हणून दुसऱ्या शाळेतून येणाऱ्याचा प्रवेश अडवता येत नाही. पण निरीक्षणगृहातली बहुतेक मुलं १६ ते १८ वयाची असतात आणि त्यांना या कायद्याचं कवच नाही, हे मान्य करायला हवं. त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. चौकशीअंती आदेश देताना मंडळ मुलाने शाळेत जावं असंही कलम १८(२) खाली सांगू शकतं. परिवीक्षा अधिकाऱ्याने (मुलावर देखरेख ठेवून मंडळाला अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्याने) शाळेचं नाव, इयत्ता आणि रुजू होण्याची तारीख आधी पक्की करून तीच आदेशात मागावी. नुसतं ‘शिक्षण चालू ठेवावे’ लिहिलं तर ते कुणावरच बंधनकारक ठरत नाही.

इतर मुलं बिघडतील ही पालकांची भीती खोटी म्हणता येणार नाही. तक्रारदार त्याच वर्गात असेल तर मुलाला त्याच शाळेत परत पाठवूच नये, दुसरी शाळा शोधावी. दुखावलेल्या मुलाचा हक्क आधी. एरवी भीतीवर उपाय देखरेखीचा आहे. एक शिक्षक नेमून द्यावा, पहिले दोन आठवडे हजेरी रोज फोनवर विचारावी, आणि गैरहजेरीच्या दुसऱ्या दिवशी घरी जावं. आठवडाभर थांबलं तर मुलगा पुन्हा त्याच नाक्यावर सापडतो. प्रत्येक मुलासाठी आखलेल्या काळजी आराखड्यातला प्रगती अहवालही पहिले तीन महिने दर पंधरवड्याला लिहायचा असतो, पण अनेकदा तीन महिन्यांचे सहा अहवाल एकाच दिवशी, एकाच पेनाने लिहिलेले दिसतात.

‘रेकॉर्ड पुसतात, मग कळणार कसं?’

कळू नये अशीच तरतूद आहे. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीही पोलिसांना ही नोंद उघड करता येत नाही. कलम २४ दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागू होऊ देत नाही. बाल न्यायालयात प्रौढ म्हणून दोषी ठरलेल्या १६ वर्षांवरील मुलाला मात्र ही सवलत नाही. आणि मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असं काहीही पसरवणं कलम ७४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलाचा फोटो आणि शाळेचं नाव घालून हा दावा पुढे ढकलणाऱ्यालाही ते लागू होतं.