लिनक्स टाकायच्या आधीचे आठ महिने

घरच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून त्या जागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, असं परवा बोलता बोलता सांगितलं, तर लगेच प्रश्न आले. "कुठली डिस्ट्रो?" "ड्युअल बूट की पूर्ण?" आणि थोड्या वेळाने, जरा दबक्या आवाजात, "जमतंय का पण?" पहिले दोन प्रश्न मुरलेल्या लिनक्सवाल्यांचे होते (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा एखादा अवतार, ड्युअल बूट म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर विंडोजही आणि लिनक्सही). तिसरा विचारणारीला खरोखर टाकायचं होतं. ही पोस्ट तिच्यासाठी. लांबली आहे, सवडीने वाचा.

माझं म्हणणं एवढंच आहे की ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यात शेवटी बदला. आधी रोजच्या वापरातले प्रोग्रॅम बदला, तेही विंडोजवर बसूनच. नवशिक्याला हे फारसं कुणी सांगत नाही, कारण आपल्या लिनक्सप्रेमी मित्रांचा सगळा जीव इन्स्टॉल करण्याच्या सोहळ्यात असतो. लग्न दणक्यात लावून देतात, संसाराचं तुमचं तुम्ही बघा.

हे शहाणपण मला सुचलं ते एकदा सपाटून आपटल्यावर. साताठ वर्षांपूर्वी एका रविवारी उत्साहाच्या भरात मी अर्धी हार्डडिस्क विंडोजला ठेवली आणि अर्धी लिनक्सला दिली. कॉम्प्युटर सुरू केला की यादी यायची, कुठे जायचं ते निवडा. सुरक्षित वाटलं होतं. पहिले चार दिवस निष्ठेने लिनक्स निवडलं. पाचव्या दिवशी वर्डमधली एक फाईल हवी होती म्हणून विंडोजमध्ये गेले. जुने मेलही तिथल्याच प्रोग्रॅममध्ये होते, म्हणून मेल तिथेच पाहिले. आलोच आहोत तर बाकीचंही उरकून घेऊ, असं म्हणत जी राहिले ती राहिलेच. दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा शेवटी सवयीच्या डगरीवरच चढतो.

त्या दिवसांतले माझे पराक्रम सांगायला हरकत नाही आता. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, काहीतरी इन्स्टॉल करायला गेले, त्याने पासवर्ड मागितला. मी टाइप करतेय, पण पडद्यावर काहीच उमटत नाही. ठिपके नाहीत, चांदण्या नाहीत, कर्सर जागचा हलत नाही. कीबोर्ड गेला म्हणून दुसरा आणून जोडला. त्याचंही तेच. नंतर कळलं की त्या टर्मिनलमध्ये पासवर्ड असाच आंधळेपणाने टाइप करायचा असतो, मागून बघणाऱ्याला अक्षरं किती तेही कळू नये म्हणून. मग घड्याळ. लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की वेळ काही तासांनी चुकलेली. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, त्यामुळे एकाने लावलेलं घड्याळ दुसरा आपल्या हिशेबाने वाचतो. एका ओळीच्या कमांडने हा घोळ मिटतो. मला काय माहीत! मी मदरबोर्डवरचा सेल बदलला. लिनक्सपायी मी एक कीबोर्ड आणि एक सेल बदलला, आणि दोन्ही ठणठणीत होते.

शेवटी वैतागून विंडोजमध्ये बसून लिनक्सचं पार्टिशन, म्हणजे त्याला दिलेला डिस्कचा भाग, पुसून टाकलं. पुढच्या वेळी कॉम्प्युटर लावला तर काळा पडदा आणि त्यावर 'ग्रब' असं लिहिलेली एकुलती एक ओळ. कुठे जायचं ते विचारणारा दारवानच मी घालवला होता. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून बूटचा क्रम बदलल्यावर विंडोज आलं. कानाला खडा.

दुसऱ्यांदा हा विषय निघाला तो नाइलाजाने. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही हार्डवेअरमधली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. आमचा सहाव्या पिढीतला. आठ जीबी रॅम, एसएसडी, धडधाकट मशीन, फक्त यादीत नाव नाही. सिक्युरिटी अपडेटची वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, पण वर्षाने पुन्हा हाच प्रश्न समोर येणार होता.

या खेपेला मी लिनक्सचं नावही न काढता सुरुवात केली. फेब्रुवारीत एका कागदावर लिहून काढलं की या कॉम्प्युटरवर घरातले लोक नेमकं काय करतात. यादी अगदीच किरकोळ निघाली: ब्राउझर, मेल, बाबांचे हिशेब, माझी पत्रं आणि अर्ज, फोटो, सिनेमे, प्रिंट, स्कॅन. यातलं प्रत्येक काम विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमवर न्यायचं, एका वेळी एकच, आणि ते अंगवळणी पडेपर्यंत पुढच्याला हात लावायचा नाही, असं ठरवलं.

ब्राउझर म्हणून फायरफॉक्स आणि मेलसाठी थंडरबर्ड सुरू केलं. आठवडाभर कुरकुर झाली, मग शांत. सिनेमांसाठी व्हीएलसी आधीपासूनच होता. पासवर्ड कीपासएक्ससी या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हलवले. फोटोंसाठी गिंप घेतलं, आणि ते मला आवडतं असं मी म्हणणार नाही. कापणं, उजळवणं एवढं जमतं. ज्यांचं पोट फोटोशॉपवर आहे त्यांनी माझं ऐकून लिनक्सच्या वाटेला जाऊ नये, ते लिनक्सवर थेट चालत नाही.

खरी लढाई ऑफिसची. बाबांच्या एक्सेलमध्ये दहा वर्षांचे घरखर्चाचे हिशेब, वर्षाला एक पान, आणि वर एक निळं बटण. ते दाबलं की बेरजा होतात. कधीकाळी कुणीतरी त्यांना मॅक्रो, म्हणजे फाईलच्या आत बसवलेला छोटा प्रोग्रॅम, करून दिलेला. फाईल लिबरऑफिस या मोफत ऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडली तर आकडे जागच्या जागी, पण निळं बटण दाबलं की चूक दाखवायचं. एक्सेलचे मॅक्रो तिथे सगळेच चालतात असं नाही. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दहा वर्षांचे पैसेच हरवलेत. दोन संध्याकाळ खर्चून मॅक्रो वाचला. आत होतं काय, तर ज्या ओळीत 'औषध' आहे त्यांची बेरीज इकडे, 'वीज' आहे त्यांची तिकडे. त्याला मॅक्रो कशाला हवा? सम-इफचं साधं सूत्र पुरलं. बटण गेलं. आकडा लिहिला की बेरीज आपोआप बदलते, हे बघून बाबा म्हणाले, "मग इतकी वर्षं मी ते बटण का दाबत होतो?"

दुसरी तक्रार. सेव्ह करताना लिबरऑफिस दर वेळी विचारतं की एक्सेलच्याच रूपात ठेवू की ओडीएफ या त्याच्या स्वतःच्या रूपात. "अगं, हा दर वेळी काय चौकशी करतो?" तिथेच एक चौकट असते, तिच्यातली खूण काढली की चौकशी बंद. आता घरातल्या फायली ओडीएफमध्ये असतात, बाहेर पाठवायच्या त्या पीडीएफ करून, आणि समोरच्याला दुरुस्ती करायची असेल तरच वर्डच्या रूपात. या एका शिस्तीने ऐंशी टक्के भानगडी टळतात. (ऐंशी हा आकडा माझ्या मनचा, पण ठाम आहे.)

हे सगळं विंडोजवर चाललं होतं हे लक्षात घ्या. काही अडलं तर जुना प्रोग्रॅम शेजारीच होता. पण ड्युअल बूटसारखा अख्खा कॉम्प्युटर बंद-चालू करून तिकडे पळायचं नव्हतं, त्यामुळे पळून जाऊन तिकडेच राहणंही झालं नाही.

ऑक्टोबर आला तेव्हा करायचं फार थोडं उरलं होतं. लिनक्स मिंट ही डिस्ट्रो घेतली, कारण मेनू खाली डाव्या कोपऱ्यात आणि पट्टी तळाशी, सवयीचं. डिस्ट्रोवर मी याहून जास्त वेळ घालवला नाही, तुम्हीही घालवू नका. पेनड्राइव्हवर टाकून आधी नुसतं चालवून पाहिलं, हार्डडिस्कला न लावता. हे लाइव्ह सत्र जरा संथ चालतं, तो दोष पेनड्राइव्हचा, त्यावरून वेग जोखू नका. तिथे जोखायचं ते वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर, आणि झोपवलेला कॉम्प्युटर नीट जागा होतो का. यातलं काही चालत नसेल तर ते इन्स्टॉल करण्याआधी कळलेलं बरं.

दोन सावधगिऱ्या मात्र सक्तीच्या. सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि घेतल्यावर त्यातल्या पाच-दहा फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. आणि विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे का ते तपासा. असेल तर तिची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा संकेत, हातात असल्याशिवाय बायोसच्या सेटिंगला बोट लावू नका.

या वेळी अख्खी डिस्क लिनक्सला दिली. एक दुपारही पुरती लागली नाही. फायरफॉक्स आणि थंडरबर्डची प्रोफाइल फोल्डरं विंडोजवरून जशीच्या तशी उचलून आणली आणि उघडे टॅब, बुकमार्क, जुने मेल, सगळं आहे तिथे आलं. पहिल्याच संध्याकाळी टाइमशिफ्ट लावून ठेवलं. उद्या एखाद्या अपडेटने बिघडलं तर कालच्या सिस्टिमवर परत जाता येतं. त्यात आपल्या फायली धरलेल्या नसतात, त्यांचा बॅकअप वेगळा घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा येऊन बसले. मेल पाहिले, हिशेबात दोन आकडे लिहिले, उठताना म्हणाले, "पाठीमागचं चित्र बदललंस का? आधीचं बरं होतं." एवढंच. मी आठ महिने त्या एका वाक्यासाठी खपले होते.

सगळं गोड झालं असं नाही. प्रिंटरने पहिल्या झटक्यात प्रिंट दिली, ड्रायव्हर शोधावा लागला नाही. त्याच यंत्रातला स्कॅनर मात्र अजून ओळख दाखवत नाही, बनवणाऱ्यांनी त्याचा प्रोग्रॅम फक्त विंडोज आणि मॅकसाठी काढलाय. सध्या मोबाइलवर स्कॅन करतो. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांना काही त्रास नाही, कीबोर्डच्या यादीत जोडलं की झालं. माझ्यासारख्या फोनेटिकवाल्यांना, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी कळा दाबणाऱ्यांना, आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची जोडणी बसवावी लागते, आणि तरी दोन-चार अक्षरं भलत्याच कळांखाली सापडतात. 'ऱ्य' ने माझा एक आठवडा खाल्ला. युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या मराठीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या फायली उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तो फॉन्ट बसवला की मजकूर दिसतो, विंडोजवरही तेच करावं लागायचं.

स्कॅनरची तक्रार एका लिनक्सवाल्या मित्राला सांगितली तर त्याने ऐकवलं की २०१७ पासून जगातले पहिले पाचशे महासंगणक लिनक्सवरच चालतात, अँड्रॉइडच्या पोटातही तोच गाभा आहे. खरं आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने हौस म्हणून सुरू केलेल्या कामाची ही मजल थक्क करणारीच आहे. पण महासंगणकाला माझं रेशन कार्ड स्कॅन करायचं नसतं. नवा माणूस अडचण सांगतो तेव्हा त्याला महिमा ऐकवू नका, आधी कुठली केबल, कुठलं मॉडेल ते विचारा.

मुलगा विचारत होता, माझ्या लॅपटॉपवर पण टाकायचं का? त्याचे बरेचसे गेम स्टीम या गेमच्या दुकानाच्या प्रोटॉनमधून (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी सोय) चालतात. पण मित्रांबरोबर खेळतो त्या एकातला लबाडी पकडणारा प्रोग्रॅम (अँटी-चीट) विंडोजच्या थेट गाभ्यात बसतो, तो गेम लिनक्सवर चालत नाही. मी मुलाला म्हटलं, आधी कागदावर लिही, तू यावर काय काय करतोस. त्याने एकच ओळ लिहिली. त्याचं विंडोज आहे तसंच आहे.