घरातले खून अटळ नसतात

सोलापुरात घरगुती खुनाची बातमी आली की एक संदेश व्हॉट्सॲपवर हमखास फिरू लागतो. असे खून रागाच्या एका क्षणात होतात, एवढा त्रास होता तर बाईने आधीच घर सोडायला हवे होते, आणि पोलीस काही प्रत्येकाच्या घरात बसू शकत नाहीत, असे त्यात म्हटलेले असते. ही विधाने चटकन पटतात, म्हणूनच त्यांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

क्षणाच्या रागाचे पाहू. अमेरिकेतील परिचारिका व संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी 1985 मध्ये जोडीदाराकडून जिवाला असलेला धोका ओळखणारी प्रश्नावली तयार केली. मारहाण वाढत चालली आहे का, जिवे मारण्याची धमकी दिली का, गळा आवळला का, असे साधे प्रश्न तिच्यात आहेत. गळा आवळला गेलेल्या स्त्रीचा पुढे खून होण्याचा धोका सुमारे सातपट असतो, असे 2008 च्या एका अभ्यासात आढळले. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विडी कारखान्यात तयार विड्या मोजून देणाऱ्या बायकांच्या रांगेत मी एकीला पाहिले होते. भर उन्हाळ्यात तिने गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळला होता आणि रोजच्या हजार विड्यांच्या जागी तिने जेमतेम सहाशे आणल्या होत्या. मोजणाऱ्याने आकडा वहीत लिहिला, शेजारणीने मान खाली घातली. काय घडले असेल ते रांगेतल्या साऱ्यांना कळले होते, पण ते कोणाला सांगायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

घर सोडण्याचा सल्ला देणाऱ्यांना हे माहीत नसते की नियंत्रण गाजवणाऱ्या नवऱ्यापासून वेगळे होण्याचा काळच सर्वांत धोक्याचा असतो. शिवाय घरगुती हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणाऱ्या 2005 च्या कायद्याने तिला त्याच घरात राहण्याचा हक्क दिला आहे आणि न्यायालय नवऱ्याला घराबाहेर काढू शकते.

पोलिसांनी घरात बसावे, असे कोणीच म्हणत नाही. याच कायद्यात संरक्षण अधिकारी आहेत, पहिली सुनावणी सामान्यतः 3 दिवसांत ठेवण्याची तरतूद आहे, आणि संरक्षण आदेश मोडल्यास 1 वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. मात्र आदेश हाती पडल्यावर तो पाळला जातो का हे ठरावीक दिवसांनी जाऊन, बाईला एकटीला विचारून पाहणारे माणूस हवे, कारण देखरेखीविना तो आदेश कागदच राहतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2011 पासून अशा प्रत्येक मृत्यूनंतर कोणत्या खात्याला आधी काय माहीत होते, याचा आढावा घेणे बंधनकारक आहे. आपल्याकडे पोलीस ठाण्यातली एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद, आणि दवाखान्यातला केसपेपर एका टेबलावर कधी येणार?

त्या कारखान्याच्या भिंतीवर 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये लिहावा, आणि आठवड्यातून एकदा तिथे समुपदेशक यावी. नवऱ्याच्या नजरेबाहेर ती बाई दिवसभरात विड्या द्यायला येते तेवढाच वेळ असते.